बाकावरची चाहूल

"मॅडम, तुमच्या यंत्राला जळकेपणा मोजता येतो का?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न माझा नव्हता. तोंड तेवढं माझं होतं. शेवटच्या बाकावरच्या चौघींनी "विचार की नंदे, हिंमत असली तर विचार!" असं म्हणत कोपरानं ढोसून ढोसून मला उभं केलं होतं. आणि यंदा मला कुणी हिंमत काढलेली सहन होत नाही. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायची. आता नाही.

हॉलभर हशा पिकला. दोन रांगा पुढं मिसबाह बसली होती, तिनं वळून डोळे वटारले. तिच्या शेजारी थोइबी. ती मात्र हसली. तिला प्रश्न कळला नव्हता, किंवा पुरता कळला होता. त्या मुलीचं काही सांगताच यायचं नाही, हेच तर माझं दुखणं होतं.

विज्ञान दिनाला शाळेनं डॉ. अनघा शेवडेंना बोलावलं होतं. त्या करवीर क्लबच्या शास्त्रज्ञ. करवीर म्हणजे आमच्या कोल्हापूरचा मुलींचा व्यावसायिक फुटबॉल संघ, महिला लीगमधल्या सहांपैकी एक. मिसबाह बागवान, थोइबी आणि मी राजनंदिनी सरनोबत, तिघी त्यांच्याच अकादमीत. दहावी झाली की आमचा ड्राफ्ट.

ड्राफ्ट म्हणजे फार काही वेगळं नाही. गल्लीत दोन कॅप्टन समोरासमोर उभे राहून "मला ही, तुला ती" करत पोरी वाटून घेतात ना, तेच. नव्या मुली एका बाजूला, क्लब आळीपाळीनं निवडणार, आणि गेल्या हंगामात जो शेवटचा आला त्याची पाळी पहिली. गंमत पुढं आहे. ही पाळीसुद्धा देता-घेता येते. तुमची गोलकीपर द्या, आमची पहिली पाळी घ्या, असे सौदे चालतात. अकादमीतल्या मुलींवर पहिला हक्क क्लबचा. ठेवायच्या तर ठेवल्या, नाहीतर सौद्यात दिल्या. मुलगी सौदा नाकारू शकते, पण मग क्लबचा हक्क संपतो आणि ती सगळ्यांबरोबर ड्राफ्टला उभी राहते. कुणी घेईल, कुणी घेणारही नाही.

डॉ. शेवडेंनी त्या दिवशी 'चाहूल' समजावून सांगितली होती. आपला पाय हलायच्या आधी मेंदूचा निरोप पोटरीच्या स्नायूत पोचतो आणि तिथं अगदी बारीक वीज खेळते. पाय हललेला दिसतो तो नंतर. आमच्या नडगीवरच्या पॅडची पट्टी मागं पोटरीवरून जाते. त्या पट्टीत ही वीज वाचणारे तंतू विणलेले असतात. आता दोन मुलींच्या नोंदी शेजारी ठेवायच्या. मिसबाह पाससाठी वळायच्या आधीच माझी पोटरी जागी होत असेल, तर माझ्या शरीरानं मिसबाहला ओळखलं. किती वेळा ओळखलं आणि किती आधी, यावरून शंभरपैकी गुण. माझी तिच्यावरची चाहूल वेगळी, तिची माझ्यावरची वेगळी.

हे यंत्र आल्यापासून लीगची तऱ्हाच बदलली. क्लब एकेकटीचा सौदा करेनात, जोड्या मागू लागले. सामना बघताना टीव्हीवर दोघींच्या नावांखाली आकडा झळकतो. गल्लीतल्या काकवासुद्धा विचारतात, "नंदे, त्या पट्ट्या सासू-सुनांच्या पोटरीला बांधता येतील का गं?" लग्नं जमवणाऱ्या एका कंपनीनं क्लबकडं खरोखरच चौकशी केली म्हणे.

तर माझ्या प्रश्नावर डॉ. शेवडे रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "यंत्राला कारण कळत नाही. शरीर कुणाची वाट बघतंय, तेवढंच कळतं. तू अकादमीतली ना? हल्ली मैदानात फारशी दिसत नाहीस."

"बाकावर असते मॅडम. माझ्या जागी थोइबी खेळते."

"मग काय, पॅड काढून आरामात सामना बघतेस."

यावर अख्ख्या हॉलनं कपाळावर हात मारला. शेवटी मिसबाहच म्हणाली, "मॅडम, बाकावर बसलं तरी पॅड काढत नाहीत. पॅड काढलं म्हणजे आशा सोडली."

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचेच, आणि आमच्या सगळ्या तालमींचा हा नियम आहे. पप्पा पेठेच्या तालमीकडून खेळायचे. एक अख्खा हंगाम ते बाकावर होते, पण पॅड बांधून. डॉ. शेवडे पुण्याच्या, त्यांना हे कुठलं माहीत? मैदानाबाहेरच्या मुलींनी पॅड काढलेलं असणार असं धरून त्यांचं यंत्र बाकावरच्या नोंदी बघतच नव्हतं. नुसत्या साठवून बाजूला टाकत होतं.

"म्हणजे वर्षभर तुझं पॅड चालूच होतं?" त्यांनी विचारलं. आणि पुढच्या प्रश्नांत त्यांचं लक्षच लागेना.

*

आता जळकेपणाचं सांगते. लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

मिसबाह आणि मी चौथीपासून एकत्र. तिच्या अब्बांचं फळांचं दुकान. सरावाला ती रोज एक केळं आणायची, आणि त्याचे दोन तुकडे व्हायचे. थोइबी आली आणि तीन तुकडे व्हायला लागले. चालेल, मणिपूरहून एवढ्या लांब एकटी आलेली मुलगी, एक तुकडा तिला. पण मधला? मधला तुकडा सगळ्यात गोड असतो, हे मिसबाहला माहीत नाही का?

मग दूध कट्टा. संध्याकाळी गंगावेशीत म्हशी आणून बांधतात आणि समोर धार काढून ग्लास हातात देतात. सराव संपला की आम्ही दोघी तिथं. थोइबी पहिल्यांदा आली त्या दिवशी तिच्या ओठावर फेसाची ही एवढी मिशी उमटली, आणि मिसबाहनं स्वतःच्या बाहीनं ती पुसली. स्वतःच्या बाहीनं! मी चार वर्षं फेसाच्या मिशा घेऊन हिंडले, मला फक्त "पूस की गं, ध्यान दिसतीयास" ऐकायला मिळालं.

आणि वर माझी जागा. दहा नंबर, मधली फळी, सगळा खेळ जिथून फिरतो ती जागा. पोवार मॅडम, आमच्या प्रशिक्षक, दोन सराव बघून म्हणाल्या, "नंदू, थोडे दिवस बस." ते थोडे दिवस अजून चालू होते.

मी बसले आणि बघितलं. दुसरं कामच काय होतं? सामना कुठं चाललाय, गोल कुणी केला, मला पत्ता नसायचा. मी थोइबीला बघायची. ती डाव्या बुटाची नाडी दोनदा बांधते. उजवीकडं निसटायच्या आधी डावा खांदा हलकेच टाकते. लांब पास द्यायचा असला की च्युइंगम चघळायचं थांबवते. ती चुकावी म्हणून मी बघायची, आणि ती चुकायची नाही, आणि मी आणखी डोळे ताणून बघायची. माझा पाय बाकाखाली आपोआप हलायचा. शेजारची म्हणायची, "हलवू नको की गं, बाक हलतोय."

*

विज्ञान दिनानंतर काही दिवसांनी डॉ. शेवडेंनी मला क्लबमध्ये बोलावलं. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक निळी, एक केशरी. निळी थोइबीच्या पायाची. केशरी रेघ प्रत्येक वेळी तिच्या आधी उसळत होती, थोडीशीच, पण आधी.

"केशरी कुणाची?"

"तुझी. बाकावरून," त्या म्हणाल्या. "एक्क्याण्णव. लीगमध्ये आजवर एवढी चाहूल कुणाची कुणावर आलेली नाही."

"मॅडम, यंत्र बिघडलंय. मला ती आवडत नाही."

"आवडण्याचा अंक नाहीये हा. तूच विचारलं होतंस ना?" त्या हसल्या. "तुझ्यामुळं मी त्या टाकलेल्या नोंदी उघडल्या."

मला त्यात काडीचा रस नव्हता. मला वेगळंच विचारायचं होतं, वर्षभर पोटात धरून ठेवलेलं. "मिसबाहची माझ्यावरची चाहूल किती उतरली?"

त्यांनी बोटानं पडदा सरकवला. "उतरली नाही. गेल्या वर्षी होती तेवढीच आहे. तू थोडाच वेळ मैदानात उतरलीस, पण तेवढ्यातही ती तुला बरोबर ओळखते." मग म्हणाल्या, "तुझी तिच्यावरची उतरलीय. बरीच."

मी पडद्याकडं बघत राहिले. मिसबाह मला सोडून गेली म्हणून मी वर्षभर जळत होते. आणि ती तर तिथंच उभी होती, मी पास मागेन म्हणून. मान मी फिरवली होती.

*

पुढचं इतकं भराभर झालं की मला हो-नाही म्हणायला सवडच मिळाली नाही. पोवार मॅडमनी मला आठ नंबरवर, थोइबीच्या बगलेत उतरवलं. बेंगळुरूच्या कावेरी क्लबचे गृहस्थ बघायला आले होते. आणि आम्ही दोघी काय खेळलो! ती पास सोडायची तिथं मी आधीच पोचलेली. तिसऱ्या गोलनंतर थोइबी धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मला एवढा राग आला! कारण मजा आली होती.

कावेरी गेल्या हंगामात शेवटची आली होती, म्हणजे पहिली पाळी त्यांची. त्यांनी ती पाळी आणि वर त्यांची गोलकीपर देऊ केली. बदल्यात थोइबी आणि राजनंदिनी, जोडीनं. करवीरला चांगल्या गोलकीपरची गरज होतीच. थोइबी म्हणाली, "मला चालेल, एवढ्या लांब आले तर अजून थोडं लांब." पोवार मॅडमनी माझी पाठ थोपटली. पप्पा आधी उखडले, "आपल्या पेठेची पोरगी बेंगळुरूच्या जर्सीत? तालमीत तोंड कसं दाखवू?" पण पहिली पाळी आपल्या पोरीसाठी सोडताहेत हे कळलं तेव्हा तेच तालमीत पेढे घेऊन गेले. राहिली फक्त आई-पप्पांची सही.

मिसबाहला क्लब ठेवून घेणार होता. जोडीत तिचं नाव नव्हतं.

ती कट्ट्यावर सापडली, ग्लास हातात, दूध तसंच. मी शेजारी बसले तर सरकून बसली.

"अभिनंदन," ती म्हणाली. ज्या आवाजात आपण रिक्षावाल्याशी भांडतो त्या आवाजात.

"मिसू, मी काय मागितलं नव्हतं."

"तू तिच्यावर जळत होतीस का तिच्यावर मरत होतीस, एकदा ठरव की! वर्षभर मी बघतेय. मी पास दिला तरी तू तिच्याकडंच बघायचीस. मी केळ्याचे तीन तुकडे कशाला करत होते? तिघी एक होऊ म्हणून. आता तुम्ही दोघी चालला, आणि मी इथं नव्या गोलकीपरला केळं देऊ?"

"मधला तुकडा तिला का द्यायचीस?" माझ्या तोंडून गेलं. एवढ्या सगळ्यात मला हेच विचारायचं सुचलं.

मिसबाहनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी म्हैस आहे आणि बोलले. "कारण तुला साल धरून खाता येतं म्हणून शेंड्याचा आवडतो! चौथीत तूच सांगितलं होतंस, येडे!"

मी सांगितलं होतं? सांगितलं असणार. तिला आठवत होतं, मला नाही.

तेवढ्यात थोइबी आली. तिला आम्हा दोघींची तोंडं दिसत होती, पण ती आपली शांत. काखेत चेंडू होता. म्हणाली, "भांडण लई झालं काय? चला, ग्राउंडवर भांडू. मिसू माझ्याकडं. नंदू एकटी."

"एकटी का?" मी म्हणाले.

"तू सगळ्यांवर रागावलीस म्हणून."

यावर मिसबाहला हसू फुटलं. मला आणखीच राग आला. दोघी एका बाजूला आणि मी एका बाजूला, म्हणजे वर्षभराचं माझं वाईट स्वप्न भर उजेडात खरं होत होतं. आम्ही शाळेच्या मैदानावर गेलो. दप्तरांचे दोन खांब केले आणि मी पुढं उभी राहिले.

थोइबी चेंडू घेऊन आली. डावा खांदा पडला. मी उजवीकडं आधीच होते. चेंडू माझ्या पायात.

"नशीब," मिसबाह ओरडली.

पुन्हा आली. या वेळी खांदा टाकून फसवायला बघत होती, पण खरं निसटताना तिची टाच आधी वळते. चेंडू माझा. तिसऱ्यांदा तिनं च्युइंगम थांबवलं आणि लांबून मिसबाहकडं पास टाकला, तर मी वाटेतच. मला हे सगळं ठरवून करावं लागत नव्हतं. पोटरीच जात होती, मी तिच्या मागून. मिसबाहनं चेंडू नेला की मात्र मी चुकायची, ती दोनदा मला चकवून गेली. थोइबीला एकदाही जमलं नाही.

शेवटी थोइबी धापा टाकत खाली बसली. अकादमीच्या सामन्यांत कुठलीही मुलगी तिच्यापुढं टिकत नव्हती, आणि आता ती माझ्याकडं बघत होती. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं, आणि ते मी लगेच ओळखलं. वर्षभर आरशात बघत होते ना.

"शेजारी तू चांगली," ती म्हणाली. "समोर तू फार वाईट. मला आवडलं नाही." आणि जरा वेळानं, "बेंगळुरूला मी एकटी गेले तर तू काय करशील?"

मिसबाहनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला माझं कळलं, माझ्या आधी. चाहूल उतरली नव्हती ते खरंच होतं. "नंदे," ती हळूच म्हणाली, "लीगमध्ये सहा क्लब. एकात थोइबी. राहिलेल्या पाचांना हिला अडवायचंय."

*

घरी पुढच्या खोलीत आईचं हीट प्रेस तापलेलं होतं. जर्सीवर नावं आणि नंबर छापायचं काम ती करते, निम्म्या पेठेच्या पोरांच्या पाठी तिच्या हातच्या. पप्पा खुर्चीत, टीपॉयवर सौद्याचा कागद, त्यावर पेन ठेवलेलं.

"आलीस? ये, आज सही करून टाकू," पप्पा म्हणाले.

"आई, प्रेस बंद कर जरा. पप्पा, बसा. नाही, बसलेलेच आहात. मग मी उभी राहते."

"काय झालं? मिसबाहशी भांडलीस?" आईनं विचारलं.

"झालं भांडून. मला सांगायचंय ते वेगळं आहे. मी सौदा नाकारतेय."

पप्पांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "पहिली पाळी सोडायलीत ते तुझ्यासाठी! पेढे वाटलेत मी!"

"थोइबीसाठी सोडताहेत, पप्पा. मी तिच्याबरोबर फुकटची. मला तिच्या शेजारी जन्मभर तिची सावली होऊन धावायचं नाही. मला तिच्या समोर उभं राहायचंय. मी ड्राफ्टला उभी राहणार, बचावपटू म्हणून."

"बचावात तू आयुष्यात खेळली नाहीस."

"आज खेळले. ती एकदाही पुढं गेली नाही."

"पोवार मॅडम काय म्हणतील?"

"ओरडतील. उद्या ऐकून घेईन."

पप्पा उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. त्यांचा राग माझ्यावर होता का वाटलेल्या पेढ्यांवर, कळत नव्हतं. "जोडी मोडली की पहिली पाळी गेली, करवीरची आपली चौथी. त्यांनी तुला घेतलंच पाहिजे असं नाही. गुवाहाटीनं घेतलं तर गुवाहाटीला जाशील? मिसबाहला सोडून?"

इथं माझा आवाज जरा चिरकला, नाही म्हणत नाही. "जाईन. तिला सांगून आलेय. ती म्हणाली, जा, पण माझ्याविरुद्ध खेळशील तेव्हा बघून घेईन."

"आणि कुणीच घेतलं नाही तर?"

"तर कुठल्यातरी बाकावर बसेन, पप्पा. पॅड बांधून."

सौद्याचा कागद पप्पांनी हळूच घडी करून पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवला आणि खुर्चीत टेकले. मग आईनं कपाटातून नंबरांचा गठ्ठा काढला. सवयीनं तिचा हात दहावर गेला.

"दहा नको, आई. चार. बचावातला."

तिनं चार शोधला, उजेडात धरून बघितला. "आणि जर्सी कुठल्या रंगाची घेऊ?"

"ते अजून मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण प्रेस चालू ठेव."